दुसऱ्या मजल्यावरचा बेस: सरावासाठी अँप कोणता घ्यावा?

प्रश्न

मी ऐरोलीला राहते, वय ४१. तीन महिन्यांपूर्वी चार तारांची बेस गिटार घेतली आणि वाशीला क्लास लावला. घरी मात्र अँपशिवायच (ॲम्प्लिफायरशिवायच) वाजवते. सर म्हणतात, "उजवा हात फार जोरात पडतोय, आणि न वाजवलेल्या तारा मागे गुणगुणत राहतात. अँप घ्या, तुमचं तुम्हालाच ऐकू येईल." पण कुठला घ्यायचा, यावर प्रत्येकाचं मत वेगळं. दुकानदार म्हणाला, २० वॅटचा गिटारचा अँप न्या, चालून जातं. क्लासमधला एक मुलगा त्याचा १५ वॅटचा, ८ इंची स्पीकरचा बेस अँप साडेपाच हजारांना देतोय. आमच्या सोसायटीतले एक काका ऑर्केस्ट्रात वाजवायचे. ते म्हणतात, १०० वॅट आणि १५ इंचांच्या खाली बघायचंच नाही. त्यांच्याकडे तसा एक विकायचा आहे. भाऊ म्हणतो, पैसे कशाला घालवतेस, ब्लूटूथ स्पीकर आहे की घरात. आमचं घर वन बीएचके, दुसऱ्या मजल्यावर. खाली एक आजोबा एकटे राहतात, सासूबाई दुपारी झोपतात, मुलगा दहावीला आहे. बजेट १२ हजार. यंदा सोसायटीच्या गणपतीत दोन गाणी वाजवायची इच्छा आहे. एकदाच घ्यायचा तर काय घेऊ?

— ऐरोलीची एक वाचक

उत्तर

ताई, तो १५ वॅटचा बेस अँप तपासून घ्या आणि तपासणीत नीट निघाला तर तोच घरी आणा. उरलेल्या साडेसहा हजारांत कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन आणि तीन मीटरची चांगली केबल घ्या. शिल्लक राहील ती राहू द्या. गणपतीसाठी वेगळा अँप लागत नाही, त्याचं पुढे सांगतो. काकांचा अँप वाईट असेल असं नाही, पण तो तुमच्या घरासाठी नाही.

आधी वॅटचा हिशोब, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. वॅट दुप्पट झाले की आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर फरक कळतो एवढाच. कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे १५ वॅटच्या पुढे काकांचा १०० वॅटचा अँप दुप्पटही मोठा वाजणार नाही, स्पीकर सारखाच कार्यक्षम धरला तर. आणि हे सगळे आकडे आरएमएस वॅटचे, म्हणजे अँप सतत देऊ शकतो त्या ताकदीचे. खोक्यावर 'पीएमपीओ' असं लिहून हजारांत आकडा टाकला असेल तर तो सरळ विसरा.

तुमच्या घरात मात्र प्रश्न जास्तीत जास्त किती वाजेल हा नाहीच. सासूबाई आत झोपलेल्या असताना, गप्पांच्या आवाजात, खालची ई तार नीट ऐकू येते का, हा आहे. आणि तिथे कानच आपल्या विरुद्ध आहे. १००० हर्ट्झचा सूर शांत खोलीत दोन-तीन डेसिबललाही ऐकू येतो. ४० हर्ट्झचा सूर ऐकू यायला सुमारे ५० डेसिबल लागतात. मोकळी, म्हणजे बोट न दाबता वाजवलेली, ई तार ४१ हर्ट्झची आहे. म्हणून आवाज कमी केला की बेस आधी गायब होतो आणि तारांची खटखट तेवढी उरते.

मग ८ इंची स्पीकर पुरतो कसा? सरावाच्या छोट्या अँपमध्ये साधारण ७०-८० हर्ट्झच्या खाली आवाज उतरत जातो, म्हणजे ४१ हर्ट्झ त्यातून जवळपास येतच नाही. पण ई तार छेडली की ४१ च्या जोडीला ८२, १२३, १६५ हर्ट्झचे उपस्वरही निघतात. तेवढे नीट पोचले की मेंदू खालचा मूळ सूर आपणहून जोडून घेतो. छातीत घुमणार नाही, पण सूर बरोबर कळतो, बोट उशिरा सुटलं की कळतं, बाजूची तार गुणगुणली की कळतं. शिकताना हवं ते एवढंच. ६ इंचांच्या आसपासच्या स्पीकरवर मात्र पहिल्या चार-पाच फ्रेटचे सूर एकमेकांत मिसळायला लागतात, त्यामुळे ८ च्या खाली जाऊ नका. १० इंची मिळाला तर उत्तमच, पण त्यासाठी थांबायची गरज नाही.

दुकानदाराच्या गिटार अँपचं काय? बेस जोडला म्हणून तो लगेच जळत नाही. हळू आवाजात चालतोही. पण गिटारची सगळ्यांत खालची तार ८२ हर्ट्झची. स्पीकर त्यासाठीच बांधलेला, आणि पुष्कळदा पेटीची पाठ उघडी. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर स्पीकरच्या कोनला चौपट पुढेमागे हलावं लागतं. आवाज वाढवला की कोन आपल्या मर्यादेला आपटतो, फट्फट् ऐकू येतं, आणि ते दुर्लक्षून वाजवत राहिलात तर व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) घासते किंवा तुटते. 'चालून जातं' हे दुकानदाराचं म्हणणं पहिल्या आठवड्यापुरतं खरं आहे. उलट बाजूने अडचण नाही: बेस अँपवर गिटार बिनधास्त वाजवता येते.

काकांचा अँप मंचाचा आहे. पंधरा इंची पेटी वीस-पंचवीस किलोच्या घरात जाते. ती ऐरोलीच्या वन बीएचकेमध्ये ठेवायची कुठे हा प्रश्न वेगळा, पण खरी अडचण नॉबची आहे. अशा अँपचा व्हॉल्यूम घरी शून्य आणि एकच्या मध्येच खेळवावा लागतो. नॉबच्या त्या सुरुवातीच्या भागात केसभर फिरवलं तरी आवाज एकदम उडी मारतो किंवा एकदम नाहीसा होतो. बऱ्याच जुन्या मोठ्या अँपना हेडफोनची जागा नसते, आणि काहींचा पंखाच तुमच्या वाजवण्यापेक्षा मोठा ऐकू येतो.

भावाच्या सूचनेत दोन अडचणी आहेत. पहिली: बेसच्या पॅसिव्ह पिकअपला (तारांची थरथर सिग्नलमध्ये बदलणाऱ्या, बॅटरी नसलेल्या भागाला) पुढे सुमारे १० लाख ओहमचा इनपुट लागतो, ब्लूटूथ स्पीकरच्या ऑक्स (वायरने आवाज आत घ्यायच्या) इनपुटला तो साधारण १० हजारांचा असतो. सिग्नल दबतो, वरचे उपस्वर जातात आणि कांबळ्याआडून आल्यासारखा आवाज येतो. दुसरी: ब्लूटूथमधून आवाज १००-२०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, तिचा चौथा भाग १२५ चा. म्हणजे तुम्ही वाजवलेला सूर जवळपास पाव मात्रा मागून ऐकू येणार. असा सराव केलात तर हात पुढे पळायची सवय लागते आणि ती मोडायला महिने जातात. ब्लूटूथ हेडफोनलाही हेच लागू. मात्र फोनमधलं गाणं ब्लूटूथने अँपमध्ये आणलं आणि बेस केबलने जोडली, तर हरकत नाही. गाणं सगळंच्या सगळं उशिरा येतं, तुमचा हात त्याच्याबरोबर जुळतो. फक्त व्हिडिओ बघून शिकत असाल तर चित्र आणि आवाज जुळणार नाहीत, तेव्हा फोन ३.५ मिलिमीटरच्या वायरने जोडा.

आता तो १५ वॅटचा अँप बघायला जाल तेव्हा. स्वतःची बेस, स्वतःची केबल, वायरचा कुठलाही हेडफोन आणि फोन बरोबर न्या. दुसऱ्याच्या बेसवर तपासू नका. त्याच्या नव्या तारा आणि त्याचा हात, दोन्ही तुम्हाला फसवतील.

चालू करायच्या आधी मागची पट्टी वाचा. २३० व्होल्ट लिहिलेलं हवं. परदेशातून कुणी आणलेला ११० किंवा १२० व्होल्टचा अँप आपल्या बोर्डात लावला तर फ्यूज जातो, नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मर. मग पिन बघा: तीन पिनांची, आणि वरची जाड अर्थिंगची पिन जागेवर असलेली. ती कुणी कापून टाकली असेल तर घेणं तिथेच थांबवा. हम (सतत घुमणारा 'हूं' आवाज) येतो म्हणून अर्थिंग काढून टाकणारे महाभाग आहेत. अशा अँपमध्ये आत काही बिघडलं की विजेचा प्रवाह पेटीच्या धातूच्या भागातून केबलमार्गे थेट तुमच्या तारांवर येऊ शकतो. घरात मल्टिमीटर असेल तर अँपचं प्लग बोर्डातून काढून अर्थिंगची पिन आणि चासिसचा (आतल्या धातूच्या सांगाड्याचा) एखादा धातूचा स्क्रू यांमधला रोध मोजा. एक ओहमपेक्षा कमी आला पाहिजे.

मग काहीही न जोडता अँप चालू करा, व्हॉल्यूम अर्ध्यावर न्या. हलकी सळसळ चालेल. ठळक 'हूं' असा घुमणारा आवाज येत असेल तर आतले फिल्टर कपॅसिटर म्हातारे झालेत, किंवा अर्थिंगचं काही बिघडलंय. बेस जोडल्यावरच हम येत असेल तर मात्र अँपला दोष देण्याआधी तारांना हात लावा. हात लावल्यावर कमी झाला तर बेसचं ग्राउंडिंग ठीक आहे. आवाज आजूबाजूचा चार्जर, डिमर किंवा ट्यूबलाइट देतेय. जॅझ पद्धतीच्या दोन सिंगल कॉइल पिकअपच्या बेसवर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की तो हम एकमेकांना मारतो, कारण एक पिकअप उलटा गुंडाळलेला असतो. प्रिसिजन पद्धतीचा दोन तुकड्यांचा पिकअप मुळातच हम मारणारा असतो.

यानंतर सगळे टोनचे नॉब मध्यावर, गेन (आत येणारा सिग्नल वाढवणारा नॉब) कमी, व्हॉल्यूम बोलण्याएवढा. ई तारेवर मोकळ्यापासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर सावकाश वाजवा, प्रत्येक सूर विरेपर्यंत थांबा. स्पीकरची कॉइल घासत असेल तर ते मोठ्या आवाजात लपतं आणि सूर विरताना, शेवटच्या सेकंदात, खरवडल्यासारखं ऐकू येतं. जाळी सहज निघत असेल तर कोनच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून समान दाबाने अगदी हलकं आत ढकला. घर्षण जाणवलं तर स्पीकर गेलेला आहे. एखाद्याच सुरावर काहीतरी तडतडत असेल तर आधी पेटीचे स्क्रू आणि हँडल हाताने दाबून बघा. निम्म्या वेळा तेच असतं.

प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. खरखर आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जाते, पण भाव कमी करायला उपयोगी पडते. केबलचा प्लग जॅकमध्ये हलकासा हलवा. आवाज जात-येत असेल तर बहुधा नट सैल असतो. तो आवळताना आतला जॅक फिरू देऊ नका, नाहीतर सोल्डर तुटतं आणि पाच मिनिटांचं काम वर्कशॉपला जातं.

हेडफोनची चाचणी लोक विसरतात आणि तुमच्यासाठी तीच सगळ्यांत मोठी. प्लग लावल्यावर स्पीकर बंद होतो का? दोन्ही कानांत येतं का? काही अँपचा हेडफोन आउटपुट मोनो असतो आणि स्टिरिओ प्लग घातला की एकच कान वाजतो. तारांवर हात ठेवून गप्प बसा: हेडफोनमध्ये फोडणीसारखी चरचर सतत येत असेल तर अर्ध्या तासात कान थकतील. फोन ऑक्सला जोडून मेट्रोनोम लावा आणि तो बेसबरोबर ऐकू येतो का बघा. 'एक्स्टर्नल स्पीकर' असं लिहिलेल्या भोकात हेडफोन चुकूनही घालू नका; आकार तोच असतो, पण तिथून स्पीकरचं पूर्ण बळ येतं. एवढं झालं की अँप वीस मिनिटं तसाच चालू ठेवून बोलत बसा. गरम झाल्यावरच आवाज जाणारे अँप विकणारे लोक दहा मिनिटांच्या आत पैसे मागतात. तो मुलगा तसा नसेल, पण वीस मिनिटं घ्याच.

घरी आणल्यावर जागा. जमिनीवर, कोपऱ्यात ठेवू नका. भिंत आणि जमीन जवळ आली की खालचे सूर फुगतात, आणि आरसीसीच्या स्लॅबमधून थेट आजोबांच्या छतात उतरतात. बेसचा आवाज दारं-खिडक्यांपेक्षा इमारतीच्या अंगातून जास्त प्रवास करतो. कानाच्या उंचीला, तुमच्यापासून साधारण एक मीटरवर, जड लाकडी टेबलावर ठेवा आणि खाली जुन्या गादीचा फोम घाला. खोलीच्या पलीकडून ऐकण्याऐवजी एवढं जवळ आणलंत की तेवढंच ऐकायला निम्म्यापेक्षा कमी व्हॉल्यूम पुरतो. प्लास्टिकचं स्टूल नको, ते स्वतःच वाजतं. पहिल्या दिवशी ई तार वाजवताना कुणाला तरी घरभर फिरवा: लोखंडी कपाटावरची बॅग, शोकेसची काच, खिडकीची ॲल्युमिनियमची सरकती चौकट, भांड्यांचा रॅक. कुठे ना कुठे खणखण सापडेलच. अँप खराब आहे म्हणून दुकानात परत गेलेले कित्येक अँप खिडकीपायी गेलेले असतात.

तसाच दुसरा भास खोलीचा. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत बारा फुटांच्या दिशेने साधारण ४७ हर्ट्झ आणि दहा फुटांच्या दिशेने ५६ हर्ट्झ घुमतात. मोकळी ए तार ५५ हर्ट्झची आणि ई तारेचा दुसरा फ्रेट ४६ चा. म्हणजे नेमके हे दोन सूर इतरांपेक्षा फुगून येणार. तपासायला तोच ए सूर दोन ठिकाणी वाजवा: मोकळी ए तार आणि ई तारेचा पाचवा फ्रेट. दोन्हीकडे घुमला तर दोष खोलीचा, एकीकडेच घुमला तर हाताचा किंवा तारेचा. खोलीचा असेल तर अँप नाहीतर तुमची खुर्ची दोन फूट सरकवा. हेडफोनमध्ये तर तो सूर सरळच होईल.

शेजाऱ्यांचं आणखी एक. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल आहे. फोनमधल्या ॲपवर मोजून 'आपण तर खालीच आहोत' असं आजोबांना दाखवायला जाऊ नका. ही मोजणी 'ए' भाराने, म्हणजे कानाला जे कमी ऐकू येतं ते कमी धरून, होते आणि त्यात ४० हर्ट्झचा आवाज सुमारे ३५ डेसिबलने कमी धरला जातो. आकडा लहान दिसतो आणि आजोबांची खाट थरथरते. त्यांना वेळ विचारून घ्या, पहिल्या दिवशी वाजवत असताना खाली जाऊन स्वतः ऐका. बाकी वेळ हेडफोन.

आता सरांच्या तक्रारीकडे, कारण अँप त्यासाठीच आणायचाय. अँपशिवाय वाजवताना ऐकू यावं म्हणून आपण तारा ओढतो. तुमचा हात जड पडायचं कारण तेच. म्हणून उलटं करा: अँपचा व्हॉल्यूम थोडा वाढवा आणि बोटाची ताकद अर्ध्यावर आणा, खोलीतला आवाज तेवढाच ठेवून. गेन असेल तर सगळ्यांत जोरात वाजवल्यावर आवाज फाटतो तिथपर्यंत न्या आणि जरा मागे घ्या. 'बेस' लिहिलेला नॉब मध्यावर किंवा किंचित खाली, 'मिड' मध्याच्या थोडा वर. एकट्याने वाजवताना मिड कमी आणि बेस जास्त गोड लागतो, म्हणून नवशिके तसंच ठेवतात; मग गाण्याबरोबर वाजवलं की आपलंच आपल्याला सापडत नाही.

गुणगुणणाऱ्या तारांसाठी 'ट्रेबल' वाढवून ठेवा, म्हणजे खरचटणं लपणार नाही. मेट्रोनोम ६० वर. ए तार वाजवताना अंगठा ई तारेवर टेकलेला, डी वाजवताना अंगठा ए वर सरकलेला आणि त्याची बाजू ई ला टेकलेली, जी वाजवताना अंगठा डी वर आणि मागच्या दोन तारा अंगठा आणि तळव्याच्या कडेने दाबलेल्या. चार मात्रा वाजवा, चार मात्रा गप्प. गप्प असताना स्पीकरमधून काहीही येता कामा नये. हे हेडफोनवर करू नका असं नाही, पण रोज दहा मिनिटं तरी स्पीकरवर करा. हेडफोनमध्ये हलका हातही भरदार लागतो आणि हाताचा अंदाज चुकतो.

बेसच्या मागे ९ व्होल्टच्या बॅटरीचं झाकण असेल तर ती ॲक्टिव्ह आहे. अशा वेळी वाजवून झालं की केबल बेसमधून काढा. प्लग आत असला की बॅटरी चालूच राहते. काही आठवड्यांनी आवाज फाटायला लागला की आधी बॅटरी बदला, मग अँपकडे संशयाने बघा. ॲक्टिव्ह बेस जोडल्यावर सगळंच फाटत असेल तर अँपवर 'ॲक्टिव्ह' नाव असलेलं वेगळं इनपुट किंवा बटण आहे का ते शोधा.

गणपतीचं. मंडपात तुमचा १५ वॅटचा अँप ड्रम किंवा ढोलकीच्या पुढे लोकांना ऐकूच येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. साउंडवाल्याला दोन दिवस आधी सांगा की एक डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल थेट मिक्सरला जोडायची छोटी डबी) हवा आहे. कीबोर्डसाठी त्याच्याकडे असतोच. बेसची केबल डीआयच्या इनपुटमध्ये, डीआयच्या 'थ्रू' मधून दुसरी केबल तुमच्या छोट्या अँपला, आणि तीन पिनांची एक्सएलआर केबल मिक्सरला. छोटा अँप खुर्चीवर, तुमच्या कानाच्या दिशेने. तो तुमच्या एकटीसाठी. लोकांना मिक्सरमधून ऐकू येईल, वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये वाजवलंत तरी बेसचा रस्ता बहुधा हाच. हम आला तर डीआयवरचं 'ग्राउंड लिफ्ट' बटण दाबा. तीन पिनांचा प्लग काढून दोन पिनांचा लावू नका, आणि साउंडवाल्यालाही लावू देऊ नका. मंडपातली वायरिंग तात्पुरती असते. तारांवर हात आणि ओठ माइकला लागले असताना दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर झटका थेट तोंडाला बसतो. गाणार असाल तर आधी हाताची पालथी बाजू माइकच्या जाळीला लावून बघा. आणि प्लग घालताना-काढताना मिक्सरवरचा चॅनेल बंद करायला सांगा, नाहीतर 'धप्प' सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल.

तो अँप तपासणीत नापास झाला तर नवा बघताना ८ इंची, ऑक्स आणि हेडफोन असलेले बेस अँप बघा: फेंडर रंबल १५ किंवा २५, ऑरेंज क्रश बेस २५, ॲम्पेग रॉकेट बेस १०८. या मालिकांच्या अधूनमधून नव्या आवृत्त्या येतात आणि ऑनलाइन जुन्या-नव्यांचे भाव वेगळे दिसतात, तेव्हा सॉकेट कुठले आहेत हे फोटोत मागून बघूनच ठरवा. बजेटच्या बाहेर जात असेल तर कर्ज काढून घेण्यापेक्षा व्हॉक्स अँपप्लगच्या बेस आवृत्तीसारखा थेट बेसमध्ये खोचायचा छोटा हेडफोन अँप घ्या आणि अँपसाठी थांबा. त्यात ऑक्स असतोच, मेट्रोनोम लावता येतो. फक्त तुमच्या बेसचा जॅक खोलगट खाचेत असेल तर तो बसत नाही. घेण्याआधी लावून बघा. केबल मात्र गिटारचीच घ्या. दिसायला सारखी असणारी स्पीकरची केबल जाळीविना असते आणि सगळ्या घराचा हम गोळा करते.

शेवटी पावसाळा. ऐरोली खाडीकाठी आहे, हवा दमट आणि खारट, त्यामुळे जॅक आणि नॉब गंजतात, स्पीकरच्या कागदी कोनवर बुरशी धरते. अँप ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा, प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळून ठेवू नका. आतली दमट हवा आतच राहते. सुती कापड टाका. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालू ठेवा आणि सगळे नॉब वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. तरी खरखर आली तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे, अँप बंद आणि प्लग काढलेला असताना. शिलाई मशीनचं तेल किंवा खोबरेल घालू नका. त्यावर धूळ चिकटते आणि मग नॉबच बदलावा लागतो.